मागच्या दारचं गवत

प्रमिला शेटेच्या गाडीच्या डिकीत तीन गोष्टी कायम असत. गवताच्या बियाण्याचं पोतं, पाण्याचा खारटपणा मोजायचं पेनाएवढं मीटर आणि स्टीलच्या डब्यात राजनने केलेले पोहे. गाडीही राजनच चालवायचा. अल ऐनच्या बाहेर, जिथे डांबरी रस्ता संपून वाळूचा कच्चा रस्ता सुरू होतो, तिथे शेताच्या फाटकाशी गाडी लावायची, मग प्रमिलाने आत जायचं आणि राजनने बाहेर एखाद्या झाडाखाली थांबायचं, असा त्या नवरा-बायकोचा दिनक्रम होता.

वर्षभरापूर्वी सगळं याच्या उलट होतं. तेव्हा ती दोघं आणि मुलगी शुभ्रा दुबईत अल कुसैसला राहायची. राजन एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होता. इमारतीचा नकाशा नुसता पाहून सळई किती टन लागेल ते तो सांगायचा आणि फारसा चुकायचा नाही. २००८ संपता संपता शहरातल्या क्रेन होत्या तिथेच थांबल्या. फेब्रुवारीत त्याच्या मॅनेजरने त्याला आत बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाला, "हबीबी, प्रोजेक्ट खलास." तो चहा राजनने पूर्ण प्यायला. घरी येऊन त्याने आधी तेच सांगितलं, की चहा चांगला होता.

प्रमिला सांगोल्याकडची. पुण्यात तिने शेतीची पदवी घेतली होती, पण लग्नानंतर ती पदवी तेरा वर्षं कपाटातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पडून होती. ती बाहेर निघाली विली लोपीसमुळे. विली मूळचा वसईचा, अल कुसैसला त्यांच्याच मजल्यावर राहिलेला. पुढे अल ऐनला शेतीसामान विकणाऱ्या एका कंपनीत लागला होता. त्याचा फोन आला. "अगं बाय, आमच्याकडे नवीन गवताचा प्रकल्प निघालाय. शेतावर जाऊन समजावणारं माणूस हवंय, डिग्रीवालं. इथे शेतीच्या पदवीधर बाईला मुहंदिसा म्हणतात. म्हणजे इंजिनिअर. व्हिसाच्या कागदावरही तेच लागेल."

त्या एका शब्दावर तिघांचा व्हिसा उभा राहिला. इंजिनिअर बाईला नवऱ्याला आणि मुलीला आपल्या व्हिसावर ठेवता येत होतं. अल ऐनमधलं घराचं भाडं ऐकून राजनने दिरहमचे रुपये करायला सवयीने मोठ्याने तेराने गुणलं आणि म्हणाला, "अल कुसैसपेक्षा बरं आहे. सामान बांधू."

मात्र प्रकल्प एकाच हंगामाचा होता. विलीने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. "एप्रिलच्या शेवटी दुबई ऑफिसचा माणूस येणार. पंधरा जागी हे गवत उभं दिसलं तर पुढचं वर्ष. नाही दिसलं तर प्रकल्प बंद आणि तुझी पोस्टही बंद. मी काही लपवत नाही तुझ्यापासून."

गवताचं काम तसं साधं होतं. इथल्या लहान शेतांवर, म्हणजे सरकारने दिलेल्या चार-पाच एकरांच्या तुकड्यांवर, खजुराच्या रांगांमधून रोड्स नावाचं चाऱ्याचं गवत लावत. हिरवंगार, मऊ, पण पाणी फार पिणारं. विहिरी दर वर्षी खोल जात होत्या आणि खाऱ्या होत होत्या. कंपनीचं नवं वाण निम्म्या पाण्यात येईल, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. पोत्यावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, सी-चाळीस. प्रमिलाने पोतं उघडून चिमूटभर बी तळहातावर घेतलं. कापसासारखं केसाळ, हलकं, बोटांना चिकटणारं. ती हसली. हे तर अंजन. तिच्या माहेरच्या माळावर बांधाबांधाने उगवणारं अंजन गवत, फक्त निवडून निवडून पानं रुंद केलेलं. पण हे तिने कोणाला सांगितलं नाही. इतक्या लांब येऊन लोकांना माळावरचं गवत विकतोय, असं म्हणायला तिला थोडं कमीपणाचं वाटलं असावं.

डिसेंबर आणि अर्धा जानेवारी ती शेतं फिरली. माहितीपत्रक अरबीत आणि इंग्रजीत होतं, चित्रांसकट. शेताचे मालक बहुतेक शहरात नोकरीला आणि शुक्रवारी शेतावर. सगळे अदबीने वागत. बैठकीत बसवत, खजूर पुढे करत, इवल्या कपात कडवट कॉफी ओतत. पुरे झालं की कप हलवून द्यायचा, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली. गवताचं मात्र कोणी मनावर घेईना. एक म्हणाला, माझा उंट हे खाणार नाही. दुसरा म्हणाला, रोड्सचे पेंडे न्यायला दर महिन्याला व्यापारी फाटकाशी येतो, हे कोण नेईल? तिसरा नुसतं "इन्शाल्ला" म्हणाला आणि विषय बदलला. आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी एकच विचारलं, "सैफने लावलं का?"

सैफचं शेत रस्त्याच्या वळणावर होतं. येता-जाता प्रत्येकाला ते दिसे. सैफ नगरपालिकेच्या ऑफिसात नोकरीला, चाळिशीचा, शांत माणूस. त्याने काही नवं केलं की सहा महिन्यांत चार शेतांवर ते दिसायचं.

तेव्हा एका शुक्रवारी प्रमिला सैफकडे गेली.

प्रमिलाला एक खोड होती, शाळेपासूनची. उत्तर येत असलं की तिचा हात वर जायचाच. बैठकीत त्या दिवशी सैफचे मेहुणे आले होते, शेजारचे दोन शेतवाले होते, कॉफी फिरत होती. तिने गवताबद्दल सांगितलं. सैफने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्याचं रोड्स अजून चांगलं येतंय. त्यावर प्रमिलाचा हात वर गेला. तिने शेतगड्याकडून पेलाभर विहिरीचं पाणी मागवलं, पर्समधून मीटर काढलं, बुडवलं आणि आकडा स्पष्ट, मोठ्या आवाजात वाचला. "सात हजार आठशे. फारच खारं. सर, तुमची विहीर दोन-तीन वर्षांत खलास होईल."

मेहुण्याने हातातल्या कपाकडे पाहिलं. शेजाऱ्यांपैकी एकाने कप खाली ठेवला. सैफ हसला, तिचे आभार मानले, आणखी खजूर घ्या म्हणाला. सगळं इतकं नीट झालं की प्रमिला गाडीत बसताना राजनला म्हणाली, "पटलं बहुतेक त्याला."

त्यानंतर सैफने फोन उचलला नाही. ती फाटकाशी गेली की निरोप यायचा, साहेब घरी नाहीत. शेजारच्या दोघांनीही माहितीपत्रकं परत पाठवली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडे नावं होती पाच. पेरणी फेब्रुवारीत.

"पाचाची पंधरा कशी करायची, मला पण येत नाही," विली म्हणाला. "प्रभू येशूने पाच भाकऱ्यांवर पाच हजार जेवू घातले, पण त्याला दुबई ऑफिस नव्हतं."

"मी चुकीचं काय बोलले, विली? आकडा खरा होता."

"आकड्याला काय झालंय? आकडा बरोबरच आहे गं."

त्या संध्याकाळी घरी ती सॅम्पलची पाकिटं पुन्हा पुन्हा मोजत बसली. बारा वर्षांची शुभ्रा गृहपाठ करता करता म्हणाली, "आई, इट्स जस्ट ग्रास."

"ते ग्रास नाही उगवलं तर तुझी शाळा बदलेल," प्रमिला म्हणाली आणि लगेच तिला वाईट वाटलं.

राजन पोळ्या लाटत होता. नोकरी गेल्यापासून तो कमी बोलायचा, पण ऐकायचा जास्त. लाटणं न थांबवता तो म्हणाला, "तू आत जातेस ना, तेव्हा मी बाहेर अजीजबरोबर बसतो."

अजीज हा सैफच्या शेतावरचा गडी. बहावलपूरकडचा, पंचावन्नच्या आसपासचा. नऊ वर्षं त्याच शेतावर.

"मग?"

"मग काही नाही. मी फक्त ऐकलेलं सांगतो. मागच्या वर्षी कंपनीने हेच बी फुकट वाटलं होतं, तू यायच्या आधी. चार शेतांवर उगवलंच नाही. सगळ्यांनी म्हटलं, बी खराब. अजीज म्हणतो, तिथल्या गड्यांना पोतं दिलं आणि पेरा म्हणाले. त्यांनी गव्हासारखं तीन बोटं खोल पेरलं."

प्रमिलाने हातातलं पाकीट खाली ठेवलं. अंजनाचं बी मातीवर नुसतं टेकवायचं असतं. खोल गेलं की मेलं.

"पोत्यावर लिहिलंय ना ते."

"इंग्रजीत आणि अरबीत. अजीजलाही दोन्ही वाचता येत नाही. आणि दुसरं म्हणजे, रोड्सच्या वीस पेंड्यांमागे एक पेंडा त्याचा. नवीन गवतात त्याचं काय, हे कोणी सांगितलं नाही. मग तो कशाला मनापासून पेरेल? मीही नसतं पेरलं." राजनने पोळी तव्यावर टाकली. "आणि तिसरं. सैफच्या घरात उंट नाहीतच. शेळ्या आहेत. चाळीस. त्या सैफच्या आईच्या. चारा कुठला घालायचा ते त्या ठरवतात, आणि त्या पुढच्या बैठकीत कधी येत नाहीत."

प्रमिला म्हणाली, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," राजन म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच सैफच्या घराच्या मागच्या दाराशी गेली. पुरुष प्रतिनिधींना तिथवर जाता येत नव्हतं, आणि तिला येतं, हे दोन महिन्यांत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. हातात डबा होता. नुकतीच संक्रांत झाली होती. डब्यात तिळाचे लाडू होते. दार उघडलं मरियमबीने. ही हैदराबादची, वीस वर्षं या घरात स्वयंपाकाला. मालकिणीला सगळे उम्म सैफ, म्हणजे सैफची आई म्हणत. मरियमबी अम्मा म्हणायची.

उम्म सैफ अंगणात चटईवर बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, हाताला मेंदी. भिंतीशी एक लिंबाचं झाड होतं, त्याची पानं कडांनी करपलेली. पलीकडे जाळीच्या आड शेळ्या. त्यांनी प्रमिलाला नीट न्याहाळलं आणि अरबीत काहीतरी विचारलं.

"अम्मा पूछरैं," मरियमबी म्हणाली, "तुम वहीच है क्या, जो मेहमानां के सामने कुएँ का पानी खारा बोले?"

"हां," प्रमिला म्हणाली. "वहीच."

"उसीच पानी का कावा पीरे थे सब लोगां," मरियमबीने स्वतःहून भर घातली. "कावा तो बोतल के पानी का था. मगर अब कौन मानता?"

तेव्हा कुठे प्रमिलाला त्या खाली ठेवलेल्या कॉफीच्या कपाचा अर्थ कळला. तिने डबा पुढे केला. "आमच्याकडे या दिवसांत तीळ आणि गूळ देतात," ती हिंदीत म्हणाली. "आणि म्हणतात, गोड बोला. मी बोलायला चुकले. म्हणून आणले."

मरियमबीने ते अरबीत सांगितलं, थोडं लांबवून. उम्म सैफनी लाडू हातात घेतला, वास घेतला, तुकडा तोंडात टाकला. दात कमी असल्यामुळे त्यांना वेळ लागला. मग त्यांनी दुसरा लाडू मरियमबीला दिला आणि प्रमिलाला बसायची खूण केली.

प्रमिलाने या खेपेला माहितीपत्रक काढलं नाही. तिने रुमालात बांधलेलं चिमूटभर बी काढून म्हातारीच्या तळहातावर ठेवलं. ते केसाळ बी त्यांच्या काळ्या शेल्याला चिकटलं. उम्म सैफनी बोटाने एक उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "लबीद."

मग त्या मोठ्याने हसल्या आणि भराभर बोलू लागल्या. मरियमबीला गाठता गाठता दम लागला. "बोलरैं, ये तो लबीद है. बचपन में देखे. बारिश होती तो रेत पे उगता था. बकरियाँ लेके पीछे पीछे जाते थे. भूक के दिनां की घास है ये. अब अल्ला ने दिया, रोड्स है, हरा हरा. अब मैं मेहमानां के वास्ते पाली बकरियों को लबीद डालूँ? लोगां क्या बोलेंगे, सैफ के घर में बुरे दिन आए?"

जुन्या गवताच्या ज्या ओळखीवर काम होईल असं प्रमिलाला वाटलं होतं, तीच आडवी आली. ते गवत म्हातारीला नको होतं, ते नवं आहे म्हणून नव्हे. ते तिला फार नीट माहीत होतं म्हणून.

प्रमिलाला हे नवीन नव्हतं. तिच्या आईने पाहुण्यांच्या ताटात हुलग्याचं माडगं कधी वाढलं नव्हतं. पाहुणे आले की गव्हाच्या पोळ्या. माडगं घरच्यांपुरतं, मागच्या पडवीत. पण हुलगे पेरायचं आईने कधी बंद केलं नाही, घरामागच्या पट्टीत, रस्त्यावरून न दिसणाऱ्या. हे तिने सांगितलं. पटवायला नव्हे, आठवलं म्हणून.

उम्म सैफ ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुझ्या आईच्या शेळ्या हे खायच्या?"

"हो. आमच्याकडे त्याला अंजन म्हणतात. आवडीने खायच्या."

"शेळ्यांचं काय सांगतेस? त्या माझी चटई पण खातात."

मग त्यांची नजर लिंबाच्या झाडाकडे गेली. मरियमबी हळू आवाजात सांगू लागली. ते झाड सैफच्या वडिलांनी लावलेलं. दोन वर्षांपासून विहिरीचं पाणी त्याला सोसेना. अम्मा रोज स्वयंपाकघरातल्या बाटलीचं पाणी त्याला घालतात, सैफला न सांगता. सैफलाही ते ठाऊक आहे; तोही अम्माला काही बोलत नाही.

"खारं झालंय ते मला तुझ्या पेनाने सांगायला नको," उम्म सैफ म्हणाल्या. "माझ्या मुलालाही नको. पण घरातलं दुखणं पाहुण्यांसमोर वाचतात का, बिंती?"

बिंती म्हणजे मुली. प्रमिलाने मान हलवली. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच तिचा हात वर गेला नाही.

उठताना उम्म सैफनी भिंतीमागच्या पट्टीकडे बोट केलं. बायकांच्या बाजूची, रस्त्यावरून न दिसणारी अर्ध्या गुंठ्याची जागा. "तिथे टाक. कोणाला सांगायचं नाही."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अजीजने माती हलकी केली, पाणी मारलं. प्रमिलाने त्याला दाखवलं, बी वाळूत मिसळायचं, वरच्यावर भुरभुरायचं, पुरायचं नाही. अजीज तिला बाजी, म्हणजे ताई म्हणे. तो म्हणाला, "बाजी, हे तर वाऱ्याने उडून जाईल." तो प्रश्न बरोबर होता आणि माहितीपत्रकात त्याचं उत्तर लोखंडी रूळ असं होतं. लोखंडी रूळ कोणाकडे नव्हता.

उत्तर उम्म सैफनी दिलं. त्यांनी जाळीचं दार उघडायला लावलं आणि चाळीस शेळ्या त्या पट्टीवरून हाकलल्या, एकदा इकडून, एकदा तिकडून. खुरांनी बी मातीत दाबलं गेलं, हवं तेवढंच. "बारिश के बाद ऐसेच होता था," मरियमबी म्हणाली. "बकरियाँ आगे जातीं, पीछे घास उगता." प्रमिलाने वहीत ते लिहून घेतलं. त्यानंतर अम्मांनी अजीजकडे बघून दोन बोटं वर केली. या पट्टीत वीस पेंड्यांमागे दोन त्याचे. अजीजने छातीवर हात ठेवला.

पुढचं प्रमिलाने केलं नाही. ते तिच्याभोवती होत गेलं. गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या बायका उम्म सैफकडे यायच्या. मागच्या अंगणात बसल्यावर कोवळं गवत त्यांना दिसायचंच. कोणी तरी विचारायचं, अम्मा म्हणायच्या, काही नाही, लबीद आहे, जुन्या आठवणीला लावलंय. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी घराच्या मोलकरणीचा फोन प्रमिलाला येई. त्या मालकिणीला मामा म्हणत. "मॅडम, हमारी मामा को भी वो बीज होना." सगळ्या जागा मागच्या, भिंतीआडच्या, लहान. प्रमिला एकेका अंगणात जाऊन आली. लाडू संपले तेव्हा राजनने आणखी केले. शुभ्राने वळायला मदत केली आणि "धिस वन इज अ परफेक्ट स्फिअर" म्हणत एकेक ताटात मांडले.

आणि शुक्रवारी नमाजानंतर सगळ्या शेतांवरचे गडी मशिदीबाहेर सावलीत बसत. तिथे अजीज तीन बोटं दाखवून म्हणे, इतकं खोल नाही, आणि मग तळहात सपाट धरून, असं. राजनने पाहिलं होतं. "तुझं माहितीपत्रक तिथे वाचलं जातं," तो म्हणाला, "अक्षराशिवाय."

एप्रिलच्या अखेरीला दुबई ऑफिसमधून सुजीत आला. तरुण, चुणचुणीत, गळ्यात कॅमेरा, हातात फॉर्म. प्रत्येक जागेचा फोटो हवा, असा नियम. पाच उघड्या शेतांचे फोटो झाले. गवत गुडघाभर होतं.

"नेक्स्ट?" सुजीत म्हणाला.

"आणखी नऊ आहेत," प्रमिला म्हणाली. "पण बायकांच्या अंगणात. तुम्हाला आत जाता येणार नाही. फोटोही काढता येणार नाही."

सुजीतने विलीकडे पाहिलं. विलीने आकाशाकडे.

"मॅडम, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण फॉर्मवर विश्वासाचा कॉलम नाही."

नऊही जागा भिंतीमागे हिरव्या आहेत हे प्रमिलाला माहीत होतं. ते सिद्ध करायला कोणाच्या तरी घरातलं झाकलेलं पुन्हा चारचौघांत उघडं करावं लागणार होतं, आणि ते ती करणार नव्हती. "मग पाच लिहा," ती म्हणाली.

आदल्या दिवशी तिने मरियमबीजवळ ही फोटोंची अडचण बोलून दाखवली होती, नुसतंच, मन हलकं करायला. सैफच्या शेताच्या वळणावर गाडी आली तेव्हा राजनने वेग कमी केला. "पुढे बघ," तो म्हणाला.

वळणावर, रस्त्याच्या कडेला, सायकली उभ्या होत्या. प्रत्येक सायकलच्या कॅरिअरवर गवताचा एक पेंडा, खजुराच्या पातीने बांधलेला. शेजारी त्या त्या शेताचा गडी. अजीज सगळ्यांत पुढे, खाकरत, धुतलेल्या सदऱ्यात. "बाजी, अम्माने सांगितलं, माणूस अंगणात येऊ शकत नाही, पण गवत बाहेर येऊ शकतं."

मागून विलीच्या गाडीतून सुजीत खाली उतरला. एकेक फोटो काढत गेला, शेताचं नाव विचारत गेला. आठ सायकली झाल्या. नववा अजीज. त्याच्याकडे मात्र दोन पेंडे होते.

"दोन का?"

"एक अम्माचा," अजीज म्हणाला. "एक माझा. माझ्या खोलीमागे थोडी जागा आहे. मालकाने परवानगी दिली. एक बकरी आहे माझी."

"बघता येईल?"

"माझ्या घरी कोणीही येऊ शकतं."

खोलीमागे दोन चटया मावतील एवढी पट्टी होती. दाट, रुंद पानांची, एकसारखी. या हंगामात प्रमिलाने पाहिलेल्या सगळ्यांत चांगली. बकरी खुंटाला बांधलेली, अधीर. सुजीतने फॉर्म उघडला. शेतकऱ्याचं नाव या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

"ही पंधरावी. पंधरा जागा, असं लिहिलंय ना?" विली म्हणाला. "मालक असं लिहिलेलं नाही. मी वाचलंय."

सुजीतने अजीजला नाव विचारून ते लिहिलं. मग बापाचं नाव विचारलं, तेही लिहिलं. अजीजने वाकून ती ओळ पाहिली, वाचता येत नसली तरी बराच वेळ पाहिली. "यहाँ लिखा है?" त्याने राजनला विचारलं. राजनने बोट ठेवून दाखवलं.

ते परत वळणावर आले तेव्हा सैफ फाटकाशी उभा होता. कॅमेरा, सायकली, पेंडे सगळं त्याने पाहिलेलं दिसत होतं. तो प्रमिलाला सलाम करून म्हणाला, "मुहंदिसा, ते पेन आहे का तुमच्याकडे?"

ती त्याच्यामागून विहिरीपर्यंत गेली. दुसरं कोणी आलं नाही. सैफने स्वतः पाणी काढलं. प्रमिलाने मीटरचं टोपण काढलं, आणि बुडवायच्या आधी ते त्याच्या हातात दिलं, आकड्याची बाजू त्याच्याकडे करून. त्याने बुडवलं, पाहिलं, झटकून टोपण लावलं. मग तो पुढच्या शेताकडे, रस्त्याकडेच्या रोड्सकडे पाहत म्हणाला, "ही कापणी होऊ दे. त्यानंतर इथे. बी किती लागेल ते अजीजला विचारून पाठवा."

गाडीत बसल्यावर राजनने इंजिन सुरू केलं, एसीची जाळी तिच्याकडे वळवली. थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "किती आलं?"

"मला काय माहीत," प्रमिला म्हणाली. "त्याने पाहिलं."

राजनने मान हलवली आणि मागच्या सीटवर काढून ठेवलेला पोह्यांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला.